चादरीवरचा पळता डाग

आमच्या लाँड्रीत तिला तोंडावर सगळे ‘ताई’ म्हणतात आणि पाठीमागे ‘दुर्बीण’. दोन्ही नावं तिला ठाऊक आहेत. दुसऱ्या नावाचाच तिला जास्त अभिमान आहे, हे एकदा डबा खाता खाता ती माझ्याजवळ कबूल करून बसली.

मी काउंटरवर असते. माझ्या मागे काचेचं दार, दारापलीकडे ताईचं टेबल. गेली बारा वर्षं त्या काचेतून मी तिला बघते आहे. आमच्याकडे घरगुती कपडे थोडे. मुख्य काम हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या चादरींचं, दिवसाला पाच-सहाशे, सगळ्या पांढऱ्या. आतल्या खोलीत चार मोठी मशिनं धडधडत असतात. तिथून चादर धुऊन-वाळून आली की आधी ताईच्या टेबलावर पसरते. ताई दोन टोकं धरून झटका देते, चादर हवेत फुगते, हळूच खाली बसते, आणि ती बसेपर्यंत ताईचे डोळे या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात जाऊन परत आलेले असतात. डाग दिसला की तिथे लाल फितीचा तुकडा टाचायचा आणि चादर पुन्हा धुवायला पाठवायची. नाही दिसला तर इस्त्रीच्या रोलरकडे.

बरं, नुसता डाग बघून ती थांबत नाही. डागाची अख्खी कुंडली मांडते. “हा चहा आहे, पण सांडलेला नाही, कपाच्या बुडाचा आहे. हा माणूस अंथरुणात बसून चहा पितो आणि कप चादरीवर ठेवतो.” किंवा “हे बूटपॉलिश. बूट घालून झोपलाय, बायको बरोबर नसणार.” एकोणिसाव्या वर्षी घड्या घालायला म्हणून ती या कामाला लागली. तेव्हाच्या जुन्या मालकीणबाईंना न दिसलेला, मोहरीएवढा गंजाचा ठिपका तिनं दाखवला आणि तिची घड्यांची नोकरी संपून नजरेची नोकरी सुरू झाली. शाळा सातवीपर्यंतच झालेली. “माझ्याकडे ना कागद, ना कला,” ती म्हणायची. “दोन डोळे आहेत, तेवढ्यावर चाळीस वर्षं निघाली.”

आता तिच्या लाल फितीनं ज्यांचा जीव खाल्ला त्यांच्याविषयी. ते म्हणजे मशीनकाका. चारही मशिनं त्यांच्या ताब्यात. आयुष्य त्या धडधडाटात गेल्यामुळे ते साधं “पाणी द्या” म्हणाले तरी रस्त्यावरची माणसं वळून बघतात. म्हणून त्यांचं नाव ‘भोंगा’. उंच, वाकलेले, आणि नाकावर बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा. लांबचं दिसत नाही म्हणून शाळेपासून लावलेला. फीत लावलेली चादर परत आली की तो त्यांना स्वतःचा अपमान वाटायचा. चादर हातात नाचवत ते दारात उभे राहायचे.

“बाई, हा डाग नाही. ही चादरीची वीण आहे.”

“विणीला कॉफीचा वास येत नाही.”

“तुम्ही हुंगता पण?”

“तुम्ही नीट धुतलं असतं तर हुंगायची वेळ आली नसती.”

हे रोजचं. आम्हाला त्याशिवाय करमायचं नाही.

तर एका मंगळवारी सकाळी ताईनं एका हॉटेलच्या चादरीला फीत लावली. काका चादर घेऊन आले. “कुठाय डाग?” ताईनं बोट ठेवायला हात पुढे केला आणि बोट तिथेच थांबलं. डाग नव्हता. म्हणजे होता, पण एक वीतभर उजवीकडे होता. तिनं उजवीकडे बघितलं तर तो आणखी पुढे. ती चादर बाजूला ठेवली, दुसरी घेतली. दुसरीवर तोच डाग. तिसरीवरही तोच. दुपारपर्यंत तिनं सात चादरींना फिती लावल्या.

काकांना एवढी संधी बारा वर्षांत मिळाली नव्हती. त्यांनी सातही चादरी जमिनीवर ओळीनं अंथरल्या, जणू प्रदर्शनच, आणि मालकीणबाईंना बोलावून आणलं. मालकीणबाईंनी चष्मा लावून पाहिलं, मी पाहिलं, रोलरवरच्या बायकांनी गुडघ्यांवर बसून पाहिलं. सात चादरी, सात लाल फिती, आणि फितीखाली दुधासारखं स्वच्छ कापड.

“आज दुर्बिणीची काच फुटली!” काका गरजले.

कोणीतरी हसलं. मग सगळेच हसले, मीसुद्धा हसले, हे लपवून काय उपयोग? ताई मात्र हसली नाही. तिनं एकेक फीत काढली, डब्यात ठेवली आणि डब्याचं झाकण फार सावकाश लावलं.

त्यानंतर तीन आठवडे ती गप्प होती. काम चालू होतं, पण वेग गेला होता. एकेक चादर दोन-दोनदा बघायची. मधेच हवेत हात फिरवायची, जणू डास हाकलतेय. शेवटी एका दुपारी तिनं मला टेबलाशी बोलावलं.

“कोणाला सांगणार नसशील तर सांगते. खरा डाग असला की मी मान हलवली तरी जागेवर राहतो. हा माझ्याबरोबर चालतो.”

“कोण?”

“तोच. एक कडं आहे छोटंसं, त्याला शेपूट. ओल्या साबणाला केस चिकटतो ना, तसं. उजव्या डोळ्यात आहे. बघायला गेलं की पळतो, दुर्लक्ष केलं की मधे येऊन बसतो. पांढऱ्यावर तर नाचतोच मेला.”

“मग डॉक्टरला दाखवलंस?”

“ह्यांना दाखवलं.”

‘हे’ म्हणजे तिचे यजमान, बसमधून निवृत्त झालेले कंडक्टर, आणि घरगुती उपायांचे हौशी संशोधक. त्यांनी निदान केलं की डोळ्यात कचरा गेलाय. आठवडाभर रोज सकाळी त्यांनी रुमालाची पुरचुंडी करून, ती तोंडाच्या वाफेवर गरम करून डोळ्यावर धरली आणि फुंकर मारली. पुढच्या आठवड्यात गुलाबपाणी. त्याच्या पुढच्या आठवड्यात गाजरं. “गाजरं खाऊन खाऊन माझा ससा झाला,” ताई म्हणाली, “पण कडं काही हललं नाही.”

“ताई, आज संध्याकाळी आपण डोळ्यांच्या दवाखान्यात जायचं.”

ती बराच वेळ फितीच्या डब्याशी चाळा करत राहिली. मग हळूच म्हणाली, “आणि त्यांनी सांगितलं की डोळे गेले, तर? मग मी इथे काय करू? घड्या घालू परत?”

तेव्हा कळलं की एवढे दिवस ती डागाला घाबरत नव्हती. उत्तराला घाबरत होती.

संध्याकाळी मी तिला घेऊन गेले. डॉक्टर बाई लहानखुऱ्या होत्या, बोलणं अगदी हळू. सहायकानं ताईच्या डोळ्यांत थेंब घातले आणि बाहुल्या मोठ्या व्हायला अर्धा-पाऊण तास बसवून ठेवलं. मग डॉक्टरांनी डोक्यावर दिवा बांधला, हातात भिंग घेतलं आणि ताईला वर, खाली, डावीकडे, उजवीकडे बघायला लावून कितीतरी वेळ आत डोकावत राहिल्या. ताईनं माझा हात असा आवळला होता की माझ्या बांगडीचा वण उठला.

“पडदा छान आहे,” डॉक्टर म्हणाल्या. “कुठे फाटलेला नाही. घाबरू नका.”

ताईचा श्वास सुटला तो मला ऐकू आला.

“मग ते कडं?”

“डोळ्याच्या आत जेलीसारखा पारदर्शक पदार्थ भरलेला असतो. वय वाढलं की तो थोडा पातळ होतो, आकसतो, मागच्या पडद्यापासून सुटतो. त्यात बारीक तंतू, गुठळ्या तयार होतात. त्यांची सावली पडद्यावर पडते. तुम्हाला दिसते ती सावली. फ्लोटर्स म्हणतात. पुष्कळांना असतात. आभाळाकडे किंवा पांढऱ्या भिंतीकडे बघितलं की जास्त जाणवतात.”

“म्हणजे डाग आतल्या बाजूनं आहे.”

“तसं म्हणा.”

“आणि धुता येत नाही?”

डॉक्टर हसल्या. “थेंबांनी जात नाही, गाजरांनीही नाही. पण धुवायची गरजही नाही. काही महिन्यांनी मेंदू त्याच्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो.”

“डॉक्टर,” ताई गंभीरपणे म्हणाली, “माझ्या मेंदूला डागाकडे दुर्लक्ष करायला चाळीस वर्षांत कोणी शिकवलेलं नाही.”

डॉक्टरांना हसू आवरेना. मग मात्र त्यांनी खुर्ची पुढे ओढली. “आता एक नीट ऐका. ठिपका दिसायला लागल्यावर तुम्ही तीन आठवडे थांबलात. हे चुकलं. या वेळी निभावलं. कारण ती जेली सुटताना कधी कधी पडद्याला ओढते आणि पडदा फाटतो, आणि फाटलाय की नाही हे असं आत बघितल्याशिवाय कोणालाच सांगता येत नाही. तेव्हा नवीन ठिपका दिसला की लगेच दाखवायचं. आणि एकदम खूप ठिपके दिसले, काजळी उडाल्यासारखे, किंवा डोळ्याच्या कडेला वीज चमकल्यासारखा उजेड दिसला, किंवा एका बाजूनं काळी सावली, पडदा ओढल्यासारखी पुढे येऊ लागली, किंवा नजर अचानक अंधूक झाली, तर त्याच दिवशी यायचं. उद्या नाही, सोमवारी नाही. दुखत नाही म्हणून घरी बसायचं नाही, कारण हे दुखतच नाही.”

“आणि तसं झालं तर?”

“नुसता फाटला असेल तर लेझरनं कडा चिकटवून टाकतो, बसल्या बसल्या होतं. सुटून यायला लागला असेल तर ऑपरेशन. उशीर केला तर ऑपरेशन करूनही नजर पूर्ण येत नाही. ज्यांना लांबचा मोठा नंबर आहे, डोळ्याला मार लागलाय, मोतीबिंदू काढलाय, घरात कोणाला हा त्रास झालाय, त्यांनी तर जास्तच जपायचं. आता तुम्ही म्हणून दाखवा.”

ताईनं शाळेतल्या मुलीसारखं सगळं म्हणून दाखवलं. सव्वा महिन्यानं पुन्हा तपासायला बोलावलं होतं, तेव्हाही सगळं ठीक निघालं.

खरी गंमत त्या पहिल्या भेटीच्या दुसऱ्या दिवशी सुरू झाली. आल्या आल्या ताईनं जाहीर केलं, “डोळे शाबूत आहेत. डाग माझा स्वतःचा आहे, चादरीचा नाही.” आणि कामाची नवी पद्धत बसवली. ठिपका दिसला की फीत लावायच्या आधी नजर एकदा वर, एकदा खाली. घसरला तर ‘आमचे पाहुणे’. जागेवर राहिला तर फीत. आठ दिवसांत जुना वेग परत आला.

पण पाहुण्यांबरोबर तिच्या अंगात डॉक्टर बाईही शिरल्या. दिसेल त्याला ती सगळं सांगू लागली. रोलरवरच्या बायकांना सांगितलं, पाणी भरणाऱ्या टँकरवाल्याला सांगितलं, माझ्या काउंटरवर कोट न्यायला आलेल्या गिऱ्हाइकांना काचेचं दार उघडून सांगितलं. “ठिपके दिसतात का हो तुम्हाला? जुने की नवे?” एक गृहस्थ कोट तसाच टाकून निघाले होते. मला ते चार धोके इतके पाठ झाले की आजही झोपेतून उठवलंत तर म्हणून दाखवीन.

काका मात्र ती बोलायला लागली की मशिनाचं झाकण आपटायचे. “झालं सुरू नेत्रपुराण!”

“अहो, तुमचा नंबर मोठा आहे. तुम्ही तरी ऐका.”

“माझे डोळे मला बास आहेत. मला चादरींवर भुतं दिसत नाहीत.”

ताई पुढची चादर झटकायची. सात चादरींचा तो दिवस ती विसरली नव्हती.

दोनेक महिने असे गेले. मग एका गुरुवारी काकांनी वायरमनला बोलावून फैलावर घेतलं. मशीनच्या खोलीतली ट्यूब चमकतेय, तीन दिवस झाले, कोपऱ्यात नुसता लखलखाट होतो. वायरमननं ट्यूब बदलली. जुनी ट्यूब बाहेर आणून लावून बघितली तर ती शांतपणे जळत होती. तो डोकं खाजवत गेला.

शुक्रवारी सकाळी ताईच्या टेबलावर एक चादर आली आणि तिचा हात थांबला. चादरीच्या डाव्या बाजूला तळहाताएवढा तेलाचा डाग. असा डाग काका कधी सोडत नाहीत. कितीही भांडले तरी असली चादर ते धुवायच्या आधीच वेगळी काढतात, ती त्यांची शान आहे. ताईनं फीत लावली आणि चादर बाजूला ठेवली. थोड्या वेळानं काका ढकलगाडी घेऊन दारातून निघाले आणि त्यांचा डावा खांदा चौकटीवर आपटला. परत येताना पुन्हा, त्याच खांद्यावर.

ताईनं हातातली चादर टेबलावर तशीच टाकली. चादर अर्धी जमिनीवर लोळत राहिली आणि तिनं वळूनही पाहिलं नाही. ते बघूनच मी काउंटर सोडून तिच्या मागे गेले.

मशीनच्या खोलीत तिला ओरडून बोलावं लागलं. “अहो, उजवा डोळा झाका!”

“काय?”

“उजवा डोळा झाका हातानं! आणि सांगा, समोर किती मशिनं दिसतात?”

“चार आहेत हो! बसवल्यापासून चार आहेत!”

“आहेत किती ते मला माहीत आहे! दिसतात किती?”

काकांनी वैतागून चष्म्याच्या उजव्या काचेवर हात ठेवला, तोंड उघडलं, आणि तोंड तसंच राहिलं.

“तीन,” ते म्हणाले. “चौथ्यावर कोणीतरी काळं कापड टाकलंय.”

“चौथ्यावर काही नाही, काका,” मी म्हणाले.

ताईनं विचारलं, “कधीपासून?”

“कालपासून. बाजूनं पुढे पुढे येतंय. मला वाटलं, चष्म्यावर वाफ बसतेय.”

“आणि ट्यूब चमकत होती ती?”

काकांनी वर, नव्या ट्यूबकडे पाहिलं.

“चला.”

“सोमवारी जातो.”

“सोमवार नाही. आत्ता.”

“बाई, दोन नंबरच्या मशीनला चादरींचा घाणा भरलेला आहे, त्याची अठ्ठावीस मिनिटं बाकी...”

ताई वळली आणि तिनं भिंतीवरचं लाल बटण दाबलं. ते बटण काकांशिवाय कोणी दाबत नसे, मालकीणबाईसुद्धा नाही. चारही मशिनं घरघरत थांबली. कामाच्या दिवशी एवढी शांतता आम्ही कधी ऐकली नव्हती. रोलरवरच्या बायका दारात येऊन उभ्या राहिल्या.

आणि त्या शांततेत काका बोलले. ओरडायचं कारण उरलं नव्हतं, तेव्हा बारा वर्षांत पहिल्यांदा मी त्यांचा खरा आवाज ऐकला. चांगला मऊ आवाज होता.

“आंधळा होईन का हो मी?”

“आज गेलात तर नाही होणार,” ताई म्हणाली. खात्री तिला तरी कुठे होती? पण आवाजात कसर ठेवली नाही.

व्हॅनचा ड्रायव्हर रजेवर होता. मालकीणबाई म्हणाल्या, “मी चालवते,” आणि शटर अर्धं ओढून आम्ही निघालो. व्हॅनमध्ये हॉटेलला द्यायच्या इस्त्रीच्या चादरी खच्चून भरलेल्या. काकांना पुढे बसवलं, ताई आणि मी मागे गठ्ठ्यांमध्ये. प्रत्येक वळणावर एक गठ्ठा माझ्या अंगावर यायचा. वाटेत हॉटेलच्या मॅनेजरचा फोन आला. मालकीणबाईंनी गाडी बाजूला लावून फोन घेतला आणि म्हणाल्या, “चादरी दवाखान्यात चालल्यात. बऱ्या झाल्या की आणते.” त्या टेन्शनमध्येही काकांना हसू फुटलं.

दवाखान्यात काउंटरवरची मुलगी मान वर न करता म्हणाली, “आजच्या अपॉइंटमेंट संपल्या.” मी स्वतः काउंटरवर बसते, मला त्या मुलीची बाजू कळत होती. पण ताईनं दोन्ही हात टेबलावर टेकले. “डावा डोळा. मोठा उणे नंबर. चार दिवस विजा, कालपासून बाजूनं काळा पडदा, पुढे सरकतोय.”

मुलगी ताडकन उठली आणि आत गेली. पाच मिनिटांत काकांच्या डोळ्यांत थेंब पडले.

डॉक्टर बाई बाहेर आल्या तेव्हा त्यांनी आधी ताईकडे पाहिलं आणि मान हलवली, ओळखल्यासारखी. पडदा सुटायला लागला होता. पण मधला भाग, ज्यानं आपण वाचतो, माणसांचे चेहरे बघतो, तो अजून चिकटून होता. “एक-दोन दिवसांत तोही गेला असता,” त्या म्हणाल्या. “सर्जनशी बोलले आहे. उद्या सकाळी पहिलं ऑपरेशन यांचं. तुम्हाला कोणी सांगितलं हो, काका, आजच या म्हणून?”

काकांनी चाचपडत ताईच्या दिशेनं हात केला. “ह्या ताईंनी.”

‘बाई’चं ‘ताई’ झालेलं आम्ही सगळ्यांनी ऐकलं.

ऑपरेशन चांगलं झालं. सर्जननी पडदा जागेवर बसवला आणि तो तिथेच दाबून राहावा म्हणून डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडला. आता बुडबुडा वर जातो. तो डोळ्याच्या मागच्या बाजूला टेकायचा तर माणसानं तोंड खाली करून राहायला हवं. काकांना हुकूम झाला: सात दिवस, जेवण आणि अंघोळ सोडली तर मान खाली. बसताना खाली, झोपताना पालथं.

काका विधुर. पोस्टात काम करणारी त्यांची मुलगी त्यांना आपल्या घरी घेऊन गेली. तिनं टेबलावर उशा रचल्या, मधे नाक-तोंडासाठी जागा ठेवली, आणि काका त्यावर कपाळ टेकून बसले. ताई रोज काम सुटलं की तिथे जायची. एक-दोनदा मीही गेले, आणि तो सोहळा मी जन्मभर विसरणार नाही. काकांना फक्त ताईच्या चपला दिसत होत्या. ताई खुर्ची ओढून आरामात बसायची आणि दिवसभराचा वृत्तांत द्यायची.

“आज तुमच्या जागी मालकीणबाईंचा भाचा मशीनवर होता. एकशे अकरा फिती लावल्या.”

उशांमधून काहीतरी गुरगुर आली.

“काय म्हणालात?”

“साबण... जास्त... घालत असेल...”

“तेच मी म्हणाले त्याला. तर मला म्हणतो, ही वीण आहे.”

उशा हलायला लागल्या. काका हसत होते. मुलगी स्वयंपाकघरातून धावत आली, “बाबा, मान!”

चौथ्या दिवशी उशांमधून एक लांब वाक्य आलं. मी शेजारीच होते, मला पहिल्याच वेळी नीट कळलं. “त्या दिवशी सात चादरींच्या वेळी मी चारचौघांत तसं बोलायला नको होतं.”

“काय? ऐकू नाही आलं,” ताई म्हणाली.

काकांनी पुन्हा म्हटलं, जरा मोठ्यानं.

“उशीतून बोलता हो तुम्ही. शब्दच कळत नाहीत.”

तिसऱ्यांदा काकांनी आपला मशीनच्या खोलीतला आवाज लावला. मला वाटतं, अख्ख्या इमारतीनं ती माफी ऐकली. खालच्या मजल्यावर कोणीतरी खिडकी उघडली. ताई छताकडे बघत बसली होती. चेहरा अगदी तृप्त.

“असू दे,” ती म्हणाली. “मीही एवढ्या वर्षांत एखादी फीत उगाच लावली असेल.”

“एखादी?” उशा म्हणाल्या.

पुढे बुडबुडा हळूहळू लहान होत गेला. काका सांगायचे, आधी सगळं पाण्याखालून बघितल्यासारखं होतं, मग एक आडवी रेघ दिसायला लागली, बाटलीतल्या पाण्याच्या पातळीसारखी, मान हलवली की डुचमळायची. रोज ती रेघ थोडी खाली जायची आणि रेघेच्या वर जग स्वच्छ व्हायचं. एक दिवस त्यांनी मुलीचा फोन घेऊन स्वतः मला फोन केला. “भिंतीवरचं कॅलेंडर दिसलं. आज शनिवार आहे.” सोमवार होता, कॅलेंडरवरची तारखेची लाल चौकट कोणी पुढे सरकवली नव्हती, पण मी ‘हो’ म्हणाले.

अडीच महिन्यांनी ते कामावर आले. त्या डोळ्याला सरळ रेघ अजून किंचित वाकडी दिसते, संध्याकाळी थोडं अंधूक वाटतं, आणि गठ्ठे उचलायला त्यांना काही दिवस बंदी होती. बाकी ठणठणीत. पहिल्याच दिवशी चार फिती आल्या आणि ते चादर नाचवत दारात उभे राहिले. रोलरवरच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या.

मागच्या आठवड्यात दोघांचीही तपासणी एकाच दिवशी होती. थेंब घातल्यावर स्वतः जाता-येता येत नाही, सोबतीला कोणीतरी लागतं, म्हणून मी गेले. दोघं शेजारी शेजारी बसले, डोळे मिटून, बाहुल्या मोठ्या व्हायची वाट बघत. आधी कोणाचा नंबर, यावरून जुंपली. नाव पुकारलं तेव्हा दोघं एकदम उठले आणि दोघांनाही दार नीट दिसेना. बाहेर आलो तर ऊन नुसतं भाजत होतं. काळे चष्मे लावून, एक माझ्या या बाजूला आणि एक त्या बाजूला, आम्ही रस्ता ओलांडला. “सिग्नल लाल आहे की हिरवा?” काका ओरडून विचारत होते, आणि सगळा रस्ता वळून आमच्याकडे बघत होता.